एकोणीस डॉलर आठ सेंट : एथेल हेजमन लाईल आणि त्यांनी सुरू केलेलं बायकांचं मंडळ

ऑगस्ट २०२० मध्ये जो बायडेन यांनी उपाध्यक्षपदासाठी कमला हॅरिस यांचं नाव जाहीर केलं आणि त्यांच्या प्रचारनिधीत एक चमत्कारिक रक्कम पुन्हा पुन्हा जमा व्हायला लागली. १९ डॉलर ८ सेंट. एकदा नाही, दोनदा नाही, हजारो वेळा. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात एकशे एक किंवा पाचशे एक घालतात, तेव्हा वरचा एक रुपया उगीच नसतो. तसे हे आठ सेंटही उगीच नव्हते. १९.०८ मधलं टिंब काढलं की १९०८ हे साल मिळतं. त्या साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात नऊ काळ्या मुलींनी 'अल्फा कप्पा अल्फा' नावाची संघटना सुरू केली होती. हॅरिस १९८६ साली, हॉवर्डमध्ये शिकत असताना, तिच्या सदस्य झाल्या. पैसे पाठवणाऱ्या बहुतेक जणी त्याच संघटनेतल्या. आपल्यातली एक उभी राहिली आहे, एवढंच त्यांना त्या आकड्यातून सांगायचं होतं.

ज्या मुलीच्या डोक्यातून ही संघटना निघाली तिचं नाव एथेल हेजमन, लग्नानंतर लाईल. अमेरिकेबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेतही ते बाहेरच्या लोकांच्या तोंडी नसतं.

आधी 'सोरॉरिटी' हा शब्द, कारण ही संघटना त्याच प्रकारची. हॉलिवूडच्या कृपेने हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मोठा बंगला, गुलाबी कपडे आणि शनिवारच्या पार्ट्या येतात. मूळ लॅटिन शब्द 'सोरॉर', म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातल्या 'स्वसा' या शब्दाचा तो सख्खा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलांची मंडळं होती. ग्रीक अक्षरांची नावं, गुप्त विधी, बिल्ले आणि आयुष्यभराची दोस्ती असा सगळा थाट होता. त्यांना 'फ्रॅटर्निटी', म्हणजे बंधुमंडळ म्हणत. मुली कॉलेजात आल्या तेव्हा तिथे त्यांना जागा नव्हती. मग त्यांनी स्वतःची मंडळं काढली आणि तीही सुरुवातीला 'मुलींची फ्रॅटर्निटी' याच अवघडलेल्या नावानं चालवली. पुढे सिराक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांना हे नाव खटकलं आणि त्यांनी 'सोरॉरिटी' हा शब्द सुचवला. ही मंडळं गोऱ्या मुलींची होती. काळ्या मुलींना आत घेऊ नये असं सगळीकडे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ते लिहिण्याची कुणाला गरजही वाटत नव्हती.

काळी मुलगी कॉलेजात पोचणं हेच तेव्हा नवल होतं. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं पुस्तक ती संपवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, तेव्हा तिकडे आशेचे दिवस होते. ते फार टिकले नाहीत. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळं पण समान' या नावाखाली वर्णभेदाला मान्यता दिली. रेल्वेचे डबे वेगळे झाले, शाळा वेगळ्या झाल्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे झाले. यातलं वेगळेपण अगदी काटेकोर पाळलं गेलं, समानतेचं कुणी नावही काढलं नाही.

एथेल सेंट लुईसची. तिथल्या समनर हायस्कूलची स्थापना १८७५ सालची. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला काळ्या मुलांसाठी निघालेलं ते पहिलं हायस्कूल. १९०४ साली तिथून ती चांगल्या गुणांनी पास झाली. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे यंत्रं आणि दिव्यांबरोबर फिलिपीन्समधली जिवंत माणसंही 'पाहण्यासाठी' मांडलेली होती. शिष्यवृत्ती मिळवून ही मुलगी वॉशिंग्टनला निघाली तेव्हा तिच्या गावाचं वातावरण हे असं होतं.

हॉवर्ड विद्यापीठ १८६७ सालचं, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी काढलेलं. ते पहिल्यापासून मुलींसाठीही खुलं होतं. पण खुलं असणं वेगळं आणि मानानं बसायला जागा मिळणं वेगळं. १९०७ साली तिथे काळ्या मुलांच्या 'अल्फा फाय अल्फा' या मंडळाची शाखा निघाली. तिच्या पहिल्या सभासदांत जॉर्ज लाईल नावाचा विद्यार्थी होता. एथेलचं त्याच्याशी जमलेलं होतं. मंडळ म्हणजे काय, सभा कशी चालते, मुलं एकमेकांना कशी धरून असतात, हे तिला त्याच्याकडून कळत होतं.

दुसरी ठिणगी एका शिक्षिकेची. एथेल रॉबिन्सन या ब्राऊन विद्यापीठाच्या महिला कॉलेजातून १९०५ साली पदवीधर झालेल्या पहिल्या काळ्या विद्यार्थिनी. त्या हॉवर्डमध्ये शिकवायला आल्या आणि ब्राऊनमध्ये पाहिलेल्या मुलींच्या मंडळांबद्दल त्यांनी या नावबहीण विद्यार्थिनीला सांगितलं. मला या प्रसंगात एक गंमत वाटते. रॉबिन्सनबाईंनी सांगितलेलं जग गोऱ्या मुलींचं होतं. ते ऐकून 'आम्हालाही आत घ्या' म्हणण्याऐवजी एथेलनं 'आपण आपलं काढू' असं ठरवलं. १९०७ ची उन्हाळ्याची सुट्टी याच विचारात गेली आणि कॉलेज उघडल्यावर ती एकेका मैत्रिणीला गाठून बोलायला लागली.

१५ जानेवारी १९०८ रोजी मायनर हॉल या मुलींच्या वसतिगृहात संघटनेची स्थापना झाली. एथेलबरोबर आणखी आठ जणी होत्या : अ‍ॅना ईस्टर ब्राऊन, ब्यूला बर्क, लिली बर्क, मार्जोरी हिल, मार्गारेट फ्लॅग, लव्हिनिया नॉर्मन, लूसी डिग्ज स्लोव आणि मारी वूलफोक. बर्क भगिनींना ग्रीक भाषेची गोडी होती. नाव, ब्रीदवाक्य आणि रंग ठरवण्यात ब्यूलाचा मोठा वाटा होता. रंग ठरले सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी आणि हिरव्या सफरचंदाचा हिरवा. चिन्ह ठरलं आयव्हीच्या वेलीचं पान. ब्रीदवाक्याचा अर्थ साधारण 'संस्कारानं आणि गुणवत्तेनं' असा. आज या शब्दांतून थोडा वर्गाचा दर्प येतो, हे खरं. पण काळ्या बाईला संस्कारही नसतात आणि गुणवत्ताही नसते, हे ज्या देशात वर्तमानपत्रं रोज छापत होती तिथे हे दोन शब्द निवडणं म्हणजे सरळ दिलेलं उत्तर होतं. मारी वूलफोक अटलांटाची. १९०६ साली तिच्या गावात गोऱ्या जमावानं काळ्या वस्तीत रक्तपात केला होता.

पुढच्याच महिन्यात खालच्या वर्गातल्या सात मुली संघटनेत आल्या. त्यांनाही संस्थापिकांतच धरतात, त्यामुळे आकडा सोळावर जातो.

अध्यक्षपद कल्पना मांडणाऱ्या एथेलकडे आलं नाही. पहिली अध्यक्ष झाली लूसी स्लोव. ही लूसी म्हणजे वेगळंच प्रकरण. पुढे १९१७ साली बाल्टिमोरला भरलेल्या काळ्या खेळाडूंच्या पहिल्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ती महिलांमध्ये जिंकली. राष्ट्रीय पातळीवरचं टेनिसचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. १९२२ साली ती हॉवर्डमध्येच विद्यार्थिनींची पहिली अधिष्ठाता झाली आणि मुलींच्या हक्कांवरून विद्यापीठाच्या पुरुष कारभाऱ्यांशी मरेपर्यंत भांडत राहिली. स्वतः खुर्चीत न बसता अशी माणसं शोधून एकत्र आणायची, हा एथेलचा खरा गुण दिसतो.

१९०९ साली एथेल पदवीधर झाली आणि थेट ओक्लाहोमाला गेली. ओक्लाहोमा हे राज्य म्हणून तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. विधिमंडळानं तिथे पहिल्यांदा जो कायदा केला तो रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा. युफॉला नावाच्या गावात शिक्षकांना तयार करणाऱ्या शाळेत ती संगीत शिकवायला लागली. कॉलेजात शिकून अशा शाळेत शिकवणारी त्या राज्यातली पहिली काळी स्त्री तीच, आणि शिक्षिका म्हणून आयुष्यभराचं प्रमाणपत्र तिथल्या शिक्षण खात्यानं ज्या पहिल्या काळ्या स्त्रीला दिलं तीही तीच. डबा वेगळा करणाऱ्या सरकारचा शिक्का त्या कागदावर होता. १९११ साली तिनं जॉर्जशी लग्न केलं आणि दोघं फिलाडेल्फियाला स्थायिक झाली. पुढे मुलगा झाला.

संस्थापिका इकडे संसारात असताना तिकडे हॉवर्डमध्ये संघटना मोडण्याच्या बेतात आली होती. १९१२ च्या हिवाळ्याआधी तिथल्या बावीस विद्यार्थिनी सदस्यांनी नाव, रंग आणि चिन्हं सगळंच बदलायचं ठरवलं. बायकांना मताधिकार हवा म्हणून देशभर मोर्चे निघत होते आणि संघटनेनं वसतिगृहाच्या भिंतीबाहेर पडावं असं त्यांचं म्हणणं होतं. हे कानावर येताच नेली क्वांडर ही त्याच वर्षी पदवीधर झालेली माजी अध्यक्ष आडवी उभी राहिली. नेलीचं घराणं वॉशिंग्टनच्या परिसरातलं फार जुनं. तिचे पूर्वज जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या इस्टेटीवर गुलाम होते. कागद केला नाही तर आपलं काहीच आपलं नसतं, हे अशा घरातल्या मुलीला वेगळं शिकवावं लागलं नसणार. तिनं मुदत दिली, जुन्या सदस्यांना गोळा केलं आणि २९ जानेवारी १९१३ रोजी 'अल्फा कप्पा अल्फा'ची कायदेशीर नोंदणी करून टाकली. आता नाव कुणाला बदलता येणार नव्हतं, आणि इतर विद्यापीठांत शाखा काढण्याचा हक्कही मिळाला.

त्या बावीस जणींनी १३ जानेवारीलाच 'डेल्टा सिग्मा थीटा' ही दुसरी संघटना काढली होती. ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. काळ्या बायकांनी मागे चालावं असा आयोजकांतल्या काहींचा आग्रह होता. तरीही या नव्या संघटनेच्या मुली त्यात चालल्या. आजही दोन्ही घरची माणसं ही गोष्ट आपापल्या परीनं सांगतात. एका घरात ती इभ्रत वाचवल्याची गोष्ट असते, दुसऱ्या घरात काळाबरोबर चालल्याची. वाटणी झालेल्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्या भांडणाचा फायदा अखेर काळ्या बायकांनाच झाला. एका संघटनेच्या दोन झाल्या आणि दोन्ही वाढल्या.

नोंदणीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांत चार जणी नव्या होत्या. सोळा आणि चार मिळून वीस. या संघटनेतल्या बायका मोत्यांना एवढा मान का देतात याचं उत्तर इथे आहे : बिल्ल्यावर वीस मोती असतात, एकेका बाईच्या नावानं एक. हॅरिस यांच्या गळ्यातली मोत्यांची माळ पाहून फॅशनवाल्यांनी रकानेच्या रकाने लिहिले. मैत्रिणींनी तिच्यात १९०८ साल पाहिलं.

फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ च्या मार्चमध्ये त्या तिथेच डॉक्टर झाल्या आणि पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. त्याच शहरात पंचवीस वर्षांनी आलेल्या एथेलबाईंनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. १९२१ पासून १९४८ पर्यंत त्या टॉमस डरहॅम या शाळेत शिकवत होत्या. म्हणजे सत्तावीस वर्षं एकाच शाळेत. शिवाय मातांचं मंडळ, महिला मतदारांची संघटना आणि आपल्या सोरॉरिटीची शहरातली शाखा, ही कामं होतीच.

या शहरशाखेचं महत्त्व बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. गोऱ्या मुलींची बहुतेक मंडळं कॉलेजच्या दिवसांशी बांधलेली असत. पदवी मिळाली, लग्न झालं की बिल्ला पेटीत. काळ्या बायकांची मंडळं खरी सुरू होत ती पदवीनंतर. परक्या गावी शिक्षिकेची नोकरी लागलेल्या काळ्या मुलीला हॉटेलात खोली मिळत नसे. अशा वेळी त्या गावच्या शाखेतल्या 'सोरॉर'च्या घरी ती उतरायची. कुठल्या शाळेत जागा आहे, कुठला मुख्याध्यापक नीट वागतो, डॉक्टर कुठला गाठायचा, हे सगळं तिथेच कळायचं. अजूनही या बायका एकमेकींना 'सोरॉर' अशीच हाक मारतात, मग समोरची विशीतली असो की ऐंशीची.

१९२३ साली एथेलबाई संघटनेच्या राष्ट्रीय खजिनदार झाल्या आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिल्या. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. संघटनेत त्यांना 'मार्गदर्शक ज्योत' म्हणतात. संस्थापकांना असे किताब मिळतात, हार घातले जातात आणि मग त्यांना व्यासपीठावरच्या शोभेच्या खुर्चीत बसवतात. या बाई मात्र तेवीस वर्षं हिशेब लिहीत बसल्या. वर्गणी आली का, कुठल्या शाखेची थकली, शिष्यवृत्तीचे पैसे गेले का. ज्यांनी एखाद्या सोसायटीचा किंवा गणेशोत्सव मंडळाचा खजिना एक वर्ष जरी सांभाळला असेल त्यांना कळेल की हे काम कुणी हौसेनं मागून घेत नाही.

या काळात पैसा गेला कुठे, याचं एक उदाहरण. १९३० च्या दशकात मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात काळी कुळं गोऱ्या जमीनदारांच्या मळ्यांवर अर्धेलीनं राबत होती. डॉक्टर नाही, लस नाही. मुलं घटसर्पानं आणि देवीनं मरत. संघटनेच्या आयडा जॅक्सन यांनी १९३४ साली तिथे ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. शिकवायला बसल्यावर कळलं की भुकेल्या आणि आजारी माणसांना नुसतं शिकवून भागणार नाही. पुढच्याच वर्षी डॉ. डॉरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या पुढाकाराखाली डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिकांची तुकडी आपापल्या मोटारींतून तिकडे गेली. गावात दवाखाना मांडायचा असा बेत होता. पण जमीनदार कुळांना मळा सोडून जाऊ देईनात. बाहेरून शिकलेल्या काळ्या बायका येणार आणि आपल्या मजुरांच्या डोक्यात काहीबाही भरवणार, ही भीती. मग या बायकांनी दवाखानाच मोटारीत घातला आणि मळ्यामळ्यांवर नेला. मुकादमाच्या डोळ्यांदेखत, धुळीनं भरलेल्या अंगणात, मोटारीचं दार उघडून पोरांच्या दंडाला लस टोचायची, दात तपासायचे, आयांना काय खाऊ घालायचं ते सांगायचं. दर उन्हाळ्यात थोडे आठवडे हे चाललं, १९४२ पर्यंत. युद्ध आलं, पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले आणि मोटारी थांबल्या. सरकारी खात्यांनी जे करायला हवं होतं ते शिक्षिकांच्या वर्गणीवर झालं, आणि खजिनदार या सगळ्या वर्षांत एथेलबाईच होत्या.

१९३७ साली अमेरिकेच्या राज्यघटनेला दीडशे वर्षं झाली. फिलाडेल्फियाच्या महापौरांनी उत्सवासाठी शंभर स्त्रियांची समिती नेमली आणि अध्यक्ष केलं एथेल हेजमन लाईल यांना. राज्यघटना लिहिली गेली ती याच शहरात. लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस पूर्ण धरायचा नाही, तीनपंचमांश धरायचा, असं कलम १७८७ च्या त्या मूळ मसुद्यात होतं.

सगळंच काही गोड नव्हतं. हॉवर्डमधलेच समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात काळ्या मध्यमवर्गावर कोरडे ओढले : हे लोक मेजवान्या, बिल्ले आणि प्रतिष्ठा यांतच रमतात. सोरॉरिट्याही त्या माऱ्यातून सुटल्या नाहीत. उजळ कातडीच्या मुलींना झुकतं माप मिळतं अशी कुजबूज कित्येक वर्षं होती, आणि नव्या मुलींना आत घेताना होणाऱ्या छळावरून या सगळ्याच मंडळांवर पुढे गंभीर आरोप झाले. 'संस्कार आणि गुणवत्ता' हे शब्द दार उघडतात तसेच ते लावूनही घेतात. मोलकरणीचं काम करणाऱ्या काळ्या बाईसाठी ही संघटना लस घेऊन गेली, पण तिला सदस्य करून घेत नव्हती.

एथेलबाई १९४८ साली निवृत्त झाल्या आणि २८ नोव्हेंबर १९५० रोजी फिलाडेल्फियात वारल्या. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरायला अजून चार वर्षं होती. वसतिगृहातल्या नऊ मुलींच्या त्या मंडळात आज तीन लाखांहून अधिक सदस्य आहेत. लेखिका टोनी मॉरिसन त्यातल्या, नासाच्या गणिती कॅथरीन जॉन्सन त्यातल्या. अंतराळात गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री मे जेमिसन १९९२ साली निघाल्या तेव्हा या संघटनेचं निशाण बरोबर घेऊन गेल्या.

आपल्या लेकींपर्यंतही ही वाट आली आहे. कमला हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन १९५८ साली भारतातून कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकायला गेल्या आणि काळ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळात रमल्या, तेव्हा पुढे आपली मुलगी हॉवर्डमध्ये गुलाबी-हिरवे रंग मिरवेल हे त्यांना कुठून माहीत असणार. १९९८ साली टेक्सासमध्ये शिकणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या मुलींनी ह्यूस्टनला 'डेल्टा फाय ओमेगा' आणि ऑस्टिनला 'कप्पा फाय गामा' ही स्वतःची मंडळं काढली. पहिल्यांदा घर सोडून राहणाऱ्या मुली, आजूबाजूला आपल्यासारखं दिसणारं कुणी नाही, आणि मग वसतिगृहातल्या खोलीत बसून नावासाठी ग्रीक अक्षरं शोधणं. तारखा पुसल्या तर मायनर हॉलमधलीच बैठक वाटेल.

सेंट लुईसमध्ये पुढे एथेलबाईंच्या नावानं एक शाळाही निघाली. काही वर्षांत ती बंद पडली. संघटना मात्र दर १५ जानेवारीला वाढदिवस साजरा करते, आणि वर्गणी अजून वेळेवर भरावी लागते.